माळावरच्या बाहीची ओटी

मी एक जुनी बाही आहे. सदऱ्याची नव्हे, वाऱ्याची! मित्रांनो, हसू नका. विमानं उतरतात त्या मैदानावर उंच खांबाला कापडाची एक लांबट पिशवी असते ना, दोन्ही तोंडं उघडी असलेली? वैमानिक वरून तिच्याकडे बघतो, वारा कुठून वाहतो ते ओळखतो आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतो. ती मी. निजामाच्या राज्यात, पाटोद्याजवळच्या माळावर माझं सगळं आयुष्य गेलं.

मला शिवलं रतनबाईनं. तिचा नवरा मुंजाजी मेंढरं राखायचा. गावचे जमीनदार मोहनराव हैदराबादेत विमान चालवायला शिकले, त्यांनी स्वतःचं छोटं दुपंखी विमान घेतलं आणि ते आपल्या गावच्या माळावर उतरवायचं मनावर घेतलं. रतनबाईला त्यांनी कापड दिलं, तोंडाला बसवायला एक लोखंडी कडं दिलं आणि म्हणाले, "सदऱ्याची बाही शिवता तशीच शिवा, फक्त लई मोठी." तिनं शिवलीही अशी, की एक टाका कधी उसवला नाही.

माळाची राखण फुकटच व्हायची. मुंजाजीची मेंढरं गवत खुडून टाकायची, त्यांच्या खुरांनी जमीन घट्ट राहायची. पौषात ज्वारी हुरड्यात आली, की मोहनरावांचे वैमानिक दोस्त सोलापूर, हैदराबादेहून आपापली विमानं घेऊन हुरडा खायला यायचे. गावोगावचे लोक बैलगाड्या जुंपून बघायला यायचे. अहो, काय तो थाट! मी वाऱ्यानं टम्म फुगायची. उतरलेला वैमानिक माझ्याकडे बघून टोपी काढायचा. खरं सांगते, मला गर्व झाला होता.

मग नवा अंमलदार आला. एवढी गर्दी बघून त्याचे डोळेच फिरले. विमान उतरलं की सरकारी कराची पट्टी, मुक्काम केला की भाडं, मेळा भरवायचा तर इजाजत, आणि त्या इजाजतीचीही पट्टी! मेंढरांवरसुद्धा चराईची पट्टी बसली. मुंजाजीला ती झेपेना, त्यानं मेंढरं दुसरीकडे नेली. माळावर गवत माजलं, दगड दिसेनासे झाले. ते वैमानिक तरी कुठले राजेमहाराजे? पेट्रोलच्या खर्चानंच त्यांचं कंबरडं मोडायचं. एकेकानं येणं सोडलं. मोहनरावांनीही विमान हैदराबादेत नेऊन ठेवलं. मी मात्र रिकाम्या आभाळाला वारा दाखवत राहिले. कुणासाठी, ते माझं मलाच कळेना.

आणि एक दिवस अंमलदारानं दवंडी पिटवली. यंदाच्या मेळ्याला एकही विमान उतरलं नाही, तर माळ लिलावात जाणार! मोहनरावांनी दोस्तांच्या विनवण्या केल्या, पण कुणी तयार होईना. शेवटी त्यांनी निरोप धाडला, "मी एकटाच येतो. हुरड्याची आगटी रचून ठेवा, मी उतरलो की पेटवा."

मेळ्याच्या सकाळी मुंजाजी खांबाशी बसून होता. "अन् मालक आलेच न्हाईत तर?" तो म्हणाला.

"कावून येनार न्हाईत?" रतनबाई उसळली. "खाली घ्या हिला. इतकी वर्सं झाली, हिची ओटी कुनीच भरली न्हाई. वारा हिच्या हातात हाय. हीच आनंल मालकाला."

मुंजाजीनं दोरी सोडून मला खाली घेतलं. रतनबाईनं मला हळदकुंकू लावलं, माझ्या पोटात ज्वारी आणि नारळ घातला, कड्यावर खण घालून तोंड गच्च बांधलं. खालचं टोकही बांधलं, ज्वारी सांडू नये म्हणून. मला पुन्हा वर चढवून तिनं हात जोडले. देवा रे! वारा सोसाट्यानं वाहत होता आणि मी ओल्या धोतरासारखी खांबाला लोंबत होते. मला ओरडून सांगायचं होतं, पण कापडाला वाचा कुठली?

"आलं, आलं!" लोक ओरडले. मोहनरावांनी माळावर घिरटी घातली, माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. आगटी पेटलेली नव्हती, त्यामुळे धूरही नव्हता. वारा पडलाय असं समजून त्यांनी सोयीच्या बाजूनं विमान खाली आणलं, आणि वारा नेमका पाठीमागून! नको मालक, नको! चाकं गवतात टेकली, पण विमान थांबेना. गवतातल्या दगडाला चाक धडकलं, विमान नाकावर उभं राहिलं आणि कुशीवर कोसळलं.

लोकांनी मोहनरावांना ओढून बाहेर काढलं. जीव वाचला, पण खांदा मोडला होता. अंमलदार सावकाश चालत आला. "उतरण्याची पट्टी भरा," तो म्हणाला. "और सुनो, ये जगह खतरनाक है. आजपासून बंद."

"पट्टी घ्यायला उतरलं म्हनता, अन् माळ राखायला उतरलं न्हाई व्हय?" रतनबाई त्याच्या अंगावर धावून गेली. तो सावलीला जाऊन बसला.

मोहनराव मुंजाजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. त्यांची नजर वर आली, माझ्यावर खिळली.

"रतनबाई, हिच्या तोंडाला काय बांधलंय?"

"ओटी भरली, मालक. तुमी यावं म्हनून."

त्यांना सगळं कळलं. मी वरून बघत होते, त्यांचा चेहरा पार उतरला. पण तिच्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "आलो की मग."

मित्रांनो, माळ लिलावात गेला. आता तिथं कापूस उभा असतो. मी रतनबाईच्या पेटीत घडी होऊन पडले आहे. परवा गावावरून एक विमान घरघरत गेलं, खाली आलं, पुन्हा पुन्हा फिरलं. बिचारा जागा शोधत असेल. मला बाहेर काढा हो! खांब नसला तर बाभळीला बांधा. माझी पूजा नको, मला काही वाहू नका. तेवढं तोंड मोकळं ठेवा, आणि वरून कुणी आलंच तर त्याला उतरू द्या.