कवळीवाल्याची जीभ

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल, मेण, साचे. लोकांचे दात माझ्या हातात असतात, स्वतःची जीभ मात्र कधी ताब्यात राहिली नाही. त्यातून देव म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि फोनवर डोकं फिरवून घ्यायला जागा काय कमी आहेत?

एका ग्रुपमध्ये एका बाईनं लिहिलं होतं, "उद्या भावाचं ऑपरेशन आहे. देवावर भार टाकलाय." मी लगेच खाली 'कवळीवाला' या माझ्या तिथल्या नावानं ठोकून दिलं, "भार देवावर आणि बिल डॉक्टरचं? प्रार्थनेनं कुणी वाचत नाही, बाई." चारशे लाइक पडले. मग तिच्या बाजूचे तुटून पडले. तुझ्या तोंडात किडे पडोत, तुझं वाटोळं होवो. मी एकेकाला पुरून उरलो. तीन दिवस एका हातात फोन, दुसऱ्यात कानस. त्या नादात एका आजोबांची कवळी इतकी उंच झाली की बिचाऱ्यांना तोंडच मिटेना.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी लिहिलं, "तुम्ही बरोबर होतात. भाऊ पहाटे गेला."

खाली आमच्याच एकानं हसरा चेहरा टाकला होता, "आधीच सांगितलं होतं ना!" मी जिंकलो होतो, आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

दुपारी जेवायला घरी गेलो आणि फोन ताईपुढे ठेवला. ताई देव मानते, मी मानत नाही. घरात त्यावरून आमचं कधी वाजलेलं नाही. तिनं सगळं सावकाश वाचलं.

"हा कवळीवाला म्हणजे तू?"

"हो."

"तुझं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मीही बाहेर बाकावर हेच म्हणत बसले होते."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर मलाही असंच ऐकवलं असतंस."

मी ताट बाजूला सारलं. "आता काय लिहू तिला?"

"आधी लिहिलंस तेव्हा मला विचारलं होतंस का?" ती उठून गेली.

मी त्या ग्रुपमध्येच, सगळ्यांसमोर लिहिलं, "मी बरोबर नव्हतो. तुमच्या भावाला मी ओळखतही नव्हतो. तो बरा व्हायला हवा होता. माझं चुकलं, मला माफ करा." आता आमच्याच बाजूचे माझ्यावर घसरले. घाबरट, दलबदलू, काय वाटेल ते. एकालाही उत्तर दिलं नाही. हात शिवशिवत होते, पण नाही दिलं.

दोन दिवसांनी, आजोबांची कवळी घासत असताना, बाईंचं उत्तर आलं.

"तुमचं ते बिलाचं मी त्याला ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं. मी चिडले होते, तो मात्र पोट धरून हसला. म्हणाला, 'ताई, तू नको ह्याच्या नादी लागूस. बरा झालो की मीच भांडतो ह्याच्याशी.'"

मी कवळी खाली ठेवली आणि रडलो.