ओळखलं की चुकलं

कोल्हापूरच्या मातीतच चित्रकला आहे; इथं मूल जन्माला येतं तेच मुठीत कुंचला घेऊन. कळंब्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत ही मूठ उघडायचं काम बाळासो सरांकडं होतं. चित्रकलेच्या वर्गात नळ नव्हता, त्यामुळं रंगाचं पाणी मुतारीशेजारून आणावं लागायचं.

बाळासो सर प्रामाणिक माणूस. त्यांना घागर यायची, केळीचा घड यायचा, डोंगर तर झोपेतही यायचे. चेहरा तेवढा यायचा नाही. कॉलेजात असल्यापासून त्यांनी काढलेली माणसं एकमेकांची सख्खी भावंडं दिसायची, आणि सगळ्यांनीच नुकतीच दाढ काढून घेतल्यासारखी. सरांनी यावर कायमचा उपाय शोधला होता. माणूस पाठमोरा काढायचा.

एलिमेंटरी परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी ते पोरांकडून एकच चित्र घोटून घ्यायचे. डावीकडं झाड, मागं डोंगर, मधे चार पाठमोरी माणसं. विषय बाजार आला तर त्यांच्या हातात पिशवी, जत्रा आली तर फुगा, आग लागली तर बादली. दर वर्षी झाडून सगळी पोरं क श्रेणीत पास व्हायची. अ कुणाला कधी मिळाली नाही; पण नापासही कुणी झालं नाही, म्हणून सरांचा दरारा होता.

त्या वर्षी आठवीच्या अरीबानं भाजीबाजार काढला आणि त्यातल्या माणसांना तोंडं काढली. पोरं गोळा झाली.

"आयला, ही तानाबाई की, कोथमिरीवाली," निसार म्हणाला.

"आणि ह्यो आदर्शचा बा. पोट बघ."

कोपऱ्यात एक चष्मेवाला माणूस वजन झाल्यावर वर दोन मिरच्या फुकट उचलत होता. त्याच्याबद्दल कुणी बोलेना. शेवटी राजवीर म्हणाला, "सर, शर्टबी त्योच हाय."

वर्ग हसला. सरही हसले, सगळ्यांच्या नंतर थांबले. आवाज ऐकून मुख्याध्यापिका क्रांती मॅडम आल्या. त्यांनी चित्र बघितलं, सरांकडं बघितलं आणि तोंडाला रुमाल लावला.

"सर, ह्या पोरीला अ मिळाली पाहिजे. शाळेला एक तरी अ होऊ दे."

"तयारी करून घेतो, मॅडम," सर म्हणाले.

तयारी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. अरीबाचं चित्र फळ्यावर लावायचं आणि वर्गाला विचारायचं, ओळखा कोण. जो ओळखेल त्यानं काळा रंग घेऊन त्या चेहऱ्यावर केस काढायचे. चार फटकारे मारले की तोंडाची पाठ होते. तानाबाई अशी गेली, आदर्शचा बाप गेला. चष्मेवाल्याला सरांनी स्वतः केस दिले.

"पण सर, माणूस म्हटल्यावर त्याला तोंड असणारच की," अरीबा म्हणाली.

"परीक्षक तुझ्या गल्लीतली माणसं ओळखतो काय?"

"न्हाय."

"मग कुणासाठी काढतीस?"

अरीबा रंगाचं पाणी बदलायला गेली.

पोरांना हा खेळ भारी आवडला. एरवी दंगा करणारा वर्ग चित्रकलेच्या तासाला जागचा हलेना. वर्गावर कसा ताबा ठेवावा ते बघायला क्रांती मॅडमनी दोन नव्या शिक्षिकांना पाठवलं. अरीबानं नाकं बदलली, निसारनं कानांवरून ओळखलं. तिनं डोक्यावरून पदर ओढले, त्यानं मान वाकडी धरण्यावरून ओळखलं. शेवटी तिनं माणसं पाठमोरी केली. सर खूश होऊन पुढं आले, तेवढ्यात निसार म्हणाला, "सर, ही हिची दादी. कंबर बघा की."

सरांनी चष्मा पुसून कंबर बघितली. पाठीलाही चेहरा असतो हे त्यांना कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

"पाठी सरळ कर," ते म्हणाले.

तिनं केल्या. गणपतीच्या आधी एक दिवस असा आला की चित्र फळ्यावर लागलं, वर्गानं डोळे ताणले आणि कुणालाच कुणी ओळखू आलं नाही. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. अरीबा उभी राहिली आणि टाळ्या संपल्यावर बसली.

अरीबाची दादी खैरुनबी एकदा शाळेत आली.

"सर, पोरगी घरी माझं चित्र काढायची. आता काढती तर कुठली म्हातारी हाय कळत न्हाय."

"मग बरोबर हाय, चाची."

"व्हय, पर ती मीच हाय काय?"

"त्यो प्रश्न परीक्षेला येत न्हाय."

परीक्षेत स्मरणचित्राला विषय आला: मुलांना हसवणारा विदूषक. सर व्हरांड्याच्या खिडकीतून बघत होते. पोरांनी झाड काढलं, डोंगर काढला आणि मधे विदूषक काढला, पाठमोरा. समोरची मुलंही पाठमोरी. अरीबाचं चित्र सगळ्यांच्या आधी झालं. तिच्या विदूषकाची पाठ बाकीच्यांहून सरळ होती. सरांना भरून आलं.

निकाल लागला. सगळ्यांना क. अरीबालाही क.

"अ राहिलीच की हो, सर," क्रांती मॅडम म्हणाल्या.

"पोरीनं ऐनवेळी कल्पकता दाखवली न्हाय, मॅडम. आपण कुठं कुठं पुरणार?"

मॅडमनाही ते पटलं. सरांनी शाळेच्या फलकावर 'एलिमेंटरी परीक्षा: शंभर टक्के निकाल' असं लिहिलं आणि अक्षरांना निळी छटा दिली.

पुढच्या वर्षी अरीबानं परीक्षेचा फॉर्म भरला नाही. ती स्काउट-गाईडमध्ये गेली. तिथं शनिवारी वडापाव देतात.