आत्ताच पिऊन आले

“पाणी घेणार?” विशाखानं विचारलं.

“नको मॅडम, आत्ताच पिऊन आले,” द्वारका म्हणाली आणि खुर्चीच्या टोकावर टेकली. कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं, अशी.

हा खोटा इंटरव्ह्यू होता. खरा गुरुवारी होता, शेंद्र्याच्या एका कंपनीचा. कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीला ‘प्लेसमेंट सेल’ अशी पाटी होती. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि विशाखा. बारा वर्षं ती इथं बसून पोरापोरींना नोकरीला लावत होती. ‘वडील काय करतात’ म्हटलं की सगळी म्हणायची, ‘काही नाही, शेती करतात.’ विशाखा तिथंच थांबवायची. काही नाही कसं? शेती करतात ना? मग तेवढंच सांग, मान वर करून.

तिनं लावलेली पोरं चिकलठाण्यात, वाळूजला, पुण्याला पर्मनंट झाली होती. ती स्वतः मात्र तासिका तत्त्वावर होती. तास घेतला तर पैसे, मे महिन्यात घरी. दुसऱ्यांना नोकऱ्या लावणारी बाई स्वतःच बिननोकरीची, हा विनोद तिच्या शेजारणीनंही करून झाला होता.

द्वारका इलेक्ट्रिकलची शेवटच्या वर्षाची, पाचोडच्या पलीकडच्या वाडीवरून रोज एसटीनं येणारी. वर्गात हुशार. पण आलेल्या प्रत्येक कंपनीनं तिला नाकारलं होतं आणि सगळ्यांचा शेरा एकच, ‘बोलता येत नाही.’ विशाखाला हे पटत नव्हतं. ही पोरगी वरांड्यात कंडक्टरची नक्कल करून पोरींना लोळवते, ती इंटरव्ह्यूत मुकी कशी होते?

तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिलं उत्तर ठीक आलं. दुसऱ्याला आवाज खरखरला. तिसऱ्याला द्वारकानं आवंढा गिळला, तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. ओठ पांढरे पडले होते.

विशाखानं पेन खाली ठेवलं. “सकाळपासून काय प्यायलीस?”

मग हळूहळू निघालं. घरून निघताना घागर तळाला गेलेली, म्हणून बाटली भरली नव्हती. कॉलेजचा कूलर मार्चपासून कोरडा.

“मग मी विचारलं तेव्हा नको का म्हणालीस?”

“आमच्याकडं पाव्हणं पाणी घेत नायत, मॅडम. टँकर आठ दिसाला येतो. कुणी इचारलं तर पिऊन आलो म्हणायचं. न्हाईतर लोक म्हणत्यात, माणूस हाये का काय. तिथं इंटरव्ह्यूत साहेब इचारत्यात पाणी, तर तोंडातनं तेच निघतं.”

विशाखाला आधी राग आला. मग तो कुणावर काढावा ते कळेना. कंपनीच्या साहेबांना वाटत होतं पोरगी दबलेली आहे, आणि पोरगी त्यांच्या घागरीची काळजी करत होती.

आणि हे वाक्य विशाखाच्या ओळखीचं होतं. तिची आई पारूबाई ज्या घरी धुणंभांडी करायची, तिथं मोरीच्या खिडकीत तिच्यासाठी वेगळा पेला पालथा घातलेला असे. पारूबाईनं त्या पेल्याला कधी हात लावला नाही. लेकीलाही शिकवलं, “कुणी पाणी इचारलं तर म्हणायचं, आत्ताच पिऊन आले. तहान राहिली तरी चालंल, मान खाली जाऊ द्यायची नाय.” द्वारकाच्या घरी दुष्काळानं शिकवलेलं, विशाखाच्या घरी जातीनं. शब्द तेच.

तिनं पिशवीतली स्वतःची बाटली काढली, ग्लास भरला आणि द्वारकासमोर सरकवला.

“पी.”

द्वारकानं ग्लास धरला, पण उचलला नाही. “माय दिसती, मॅडम. टँकरच्या पायपाखाली.”

“कंपनीतलं पाणी तुझ्या मायच्या घागरीतलं नाही. पैठणच्या जायकवाडी धरणातलं आहे. तालुका कुठला तुझा?”

“पैठण.”

“मग? तुझ्याच तालुक्यातलं पाणी तुला परक्यासारखं विचारतात. पी.”

द्वारका प्यायली. दुसऱ्या दिवशीही आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही विशाखानं तिला कुठलाच प्रश्न विचारला नाही. फक्त पाणी घेणार का, एवढंच विचारत राहिली, पोरीच्या तोंडून ‘हो’ सहज निघेपर्यंत.

बुधवारी प्राचार्य हेमचंद्र सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, “बसा मॅडम, पाणी?” आणि विशाखा नेहमीसारखी उभ्यानंच म्हणाली, “नको सर, आत्ताच प्यायले.” सरांचं म्हणणं सरळ होतं. पाचोडची ती मुलगी उद्या नको. प्रत्येक इंटरव्ह्यूत नापास होते, कॉलेजची नोकरी लागण्याची टक्केवारी पडते, आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुका करताना व्यवस्थापन टक्केवारीच बघतं. नेमणुका म्हणताना त्यांनी विशाखाकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

“ती जाणार, सर,” विशाखा म्हणाली. “तुम्हाला माझं काय करायचं ते नंतर करा.”

गुरुवारी उन्हानं डांबर मऊ झालं होतं. उकाड्यामुळं कॉलेजातल्या इंटरव्ह्यूच्या खोलीचं दार सताड उघडं, म्हणून बाहेर उभ्या विशाखाला सगळं ऐकू येत होतं. टेबलावर बाटल्या, अर्ध्या प्यायलेल्या, बाजूला सारलेल्या. द्वारका शेवटी आत गेली.

“पाणी घेणार?” साहेबांनी सवयीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कागदात डोकं घातलं.

“हो, घेते.”

ती प्यायली. घाई केली नाही. तीन माणसं पेन धरून थांबली आणि ही पीत राहिली. ग्लास रिकामा करून म्हणाली, “आणखी द्या.”

एक जण हसला. पण दुसरा ग्लास आला, तोही गेला, आणि मग आतून जो आवाज आला तो वरांड्यात कंडक्टरची नक्कल करणारीचा होता. विजेच्या कमी दाबाला मोटार का जळते, तिनं सांगितलं. वडील? शेती करतात. बस, तेवढंच. शेवटी साहेबांनी विचारलं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?

“कंपनीला पाणी कुठनं येतं, सर?”

“जायकवाडी. का?”

“काय नाय. मी तिथलीच हाये.”

मघाशी हसलेला साहेब पुढं वाकून बसला आणि इंटरव्ह्यू संपलेला असताना पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी नावं वाचली, त्यात द्वारका होती. तिनं विशाखाच्याच मोबाइलवरून घरी फोन लावला. बाप कारभारी पलीकडून लई मोठ्यानं बोलत होता, सगळ्या वरांड्याला ऐकू जाईल असं. “तुझी माय टँकरवर गेलीय. घागर उतरवू दे, मग सांगतो. न्हाईतर सांडील आनंदानं.”

विशाखा हसली. तेवढ्यात शिपाई आला, सरांनी बोलावलंय म्हणून.

केबिनमध्ये एसी होता. हेमचंद्र सर मनापासून खूश होते. पेपरात फोटो देऊ म्हणाले, पोरीचा, कंपनीच्या साहेबांचा, स्वतःचा. मग आवाज उतरवून म्हणाले की पुढच्या वर्षीही तासिका तत्त्वावरच बघावं लागेल, वरून जागा मंजूर नाही, तुम्ही समजून घेता म्हणून सांगतो. आणि सवयीनं जोडलं, “बसा ना मॅडम. पाणी?”

ते फाईलकडं वळलेही होते. उत्तर त्यांना पाठ होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विशाखा बसली होती, पाठ पूर्ण टेकून.

“हो, द्या.”

सर गोंधळले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं ग्लास भरून पुढं केला. ती सावकाश प्यायली. बाहेर पोरं द्वारकाच्या नावानं ओरडत होती, ते तिनं घोटाघोटानं ऐकलं. शेवटचा थेंब संपेपर्यंत सर हातात फाईल धरून थांबले होते.

तिनं ग्लास टेबलावर ठेवला, सुलटा.

“हं,” ती म्हणाली. “आता बोला, सर.”