खाणीच्या रकान्यातलं दहावं मूल

आमच्या शाळेचा निकालाचा तक्ता दरवर्षी मीच भरते. किती मुलं, कुणाची, किती पास. कुणाची म्हणजे बाप काय करतो ते: शेती, दुकान, नोकरी, खाण. रकान्यात दहापेक्षा कमी मुलं असली की निकालाच्या जागी फुली मारायची, असा वरचा नियम. थोड्या मुलांत कोण नापास झालं ते लगेच ओळखू येतं म्हणे.

यंदा खाणीच्या रकान्यात नऊ मुलं, आणि नऊच्या नऊ गणितात पास! सगळी मेहनत पाढेमास्तरांची. त्यांना या मुलांसाठीच तात्पुरतं नेमलेलं. त्यांना ठेवायचं की काढायचं ते तक्ता बघून ठरणार होतं, म्हणून मी तालुक्याच्या शिक्षण कचेरीतल्या साहेबांना फोन लावला.

"फुली बघून मास्तर कसा देऊ, बाई? दहावं मूल दाखवा. आज चारपर्यंत."

पाढेमास्तर समोरच वह्या तपासत होते. म्हणाले, "जाऊ द्या हो, तुम्ही तरी काय करणार!"

काखेत कळसा नि गावाला वळसा. दहावं मूल म्हणजे माझीच लेक. तिचा बाप खाणीत दगड फोडतो. सहा वर्षांपूर्वी तिचं नाव घालताना मी दिराच्या दुकानाच्या जिवावर 'दुकान' लिहून मोकळी झाले. लाज वाटली, दुसरं काय! आता दुरुस्तीच्या अर्जावर बापाची सही हवी. सही मागावी तर नवऱ्यासमोर उघडी पडणार, न मागावी तर या भल्या माणसाची नोकरी जाणार आणि पोरं वाऱ्यावर. इकडे आड, तिकडे विहीर.

जेवणाच्या सुट्टीत खाणीवर गेले. नवरा छपराखाली डबा खात होता.

"अहो, एक सही हवी होती. घाई आहे."

वाटलं, न वाचता करतील. पण त्यांनी हात पुसले आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. आधीची नोंद: दुकान. खरी नोंद: खाण.

"चुकून झालं" म्हणायला मी तोंड उघडलं.

"राहू दे, माहीत आहे मला," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी प्रगतिपुस्तकात वाचलं. म्हणून तर पालकसभेला कधी आलो नाही. तुला काय वाटलं, सुट्टी मिळत नव्हती?"

त्यांनी सही केली. पेन परत देताना जरासं हसून विचारलं, "आता तर खरं लिहिलंस. या वेळी येऊ?"

'या' एवढंच म्हणायचं होतं. पण मला दिसत होत्या पालकसभेत पुढच्या बाकांवर बसणाऱ्या दुकानदारांच्या बायका. मी कागदाची घडी घालत राहिले. ते बराच वेळ वाट बघत होते.