सुटलेल्या माशाची जागा

गळ टाकायला निघालेल्या आनंदरावांकडे एक छडी आणि एक डबा होता. त्यांच्या सुनेकडे, नंदिनीकडे, दोन पिशव्या होत्या. त्यांत लेकीसाठी, मायासाठी, पाण्यावर तरंगणारं केशरी जाकीट होतं, शिट्टी होती, टॉवेल, कपड्यांचे जोड, उकळून गार केलेलं पाणी आणि डासांचं मलम. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, जरीपटक्याहून, भल्या सकाळी बेशाला आलेले आनंदराव फ्लॅटखाली उभे राहून तो पसारा गाडीत जाताना बघत राहिले.

"बेटा, मासे पकडाले चाललो का मुक्कामाले?"

नंदिनी हसली नाही. तिची हसायची सकाळ नव्हती ती. उन्हाळ्यात सोसायटीच्या पोहण्याच्या हौदात माया पायरीवरून घसरली होती. कुणीतरी लगेच उचललं. नाकातोंडात जरा पाणी गेलं, पोर खोकली आणि संध्याकाळी पाणीपुरी मागून खाल्ली. लेक विसरली, आई विसरली नाही. भरलेली बादली दिसली तरी नंदिनी ती ओतून टाकायची. हळूहळू मायाही शिकली. डबकं आलं की थांबायचं, मागे वळायचं, आईचा चेहरा वाचायचा आणि मगच पुढे जायचं. सहा वर्षांच्या पोरीनं असं दर पावलाला आपल्याकडे बघावं हे नंदिनीला टोचायचं. पण टोचतं म्हणून हात सैल सोडणाऱ्यांतली ती नव्हती.

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून आनंदरावांचा रविवार तलावावर जायचा. नातीला सोबत नेऊ दे म्हणून ते कधीचे मागे लागले होते. शेवटी नागसेननं आपल्या बायकोची आणि बापाची समजूत घातली. नंदिनीनं एकदा सोबत जावं, आपल्या डोळ्यांनी बघावं. तिचं मन मानलं तर पुढचे रविवार आजोबा-नातीचे. नाही मानलं तर विषय कायमचा बंद. आनंदरावांनी मान्य केलं खरं, पण आज त्यांचा चेहरा तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता.

बेशाच्या पुढे, नव्या इमारतींच्या मागे तो जमीनदारांच्या काळातला जुना मालगुजारी तलाव होता. ऑक्टोबरचं ऊन अजून कोवळं होतं, तलाव काठोकाठ भरलेला. पलीकडे बाभळीखाली हेमराजभाऊ आधीच बसले होते. घराणं उमरेडच्या विणकरांचं. हातमाग घरातून केव्हाच गेला, पण गळाच्या चिवट, तंगुसाच्या दोऱ्याला गाठ मारावी तर त्यांनीच. आनंदराव आणि ते गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या शेजारी बसून एकमेकांचे मासे लहान ठरवत आले होते.

मायाला बाभळीखालीच बसायचं होतं, तिथे सावली होती. आजोबांनी तिला समजावलं की इथं एक रीत आहे. ज्याचा मासा जिथं सुटला, पुढच्या रविवारी ती जागा त्याची. दुसरा कुणी तिथं गळ टाकत नाही. मासा पुन्हा तिथंच येतो असं काही नसतं, पण गमावलेल्या माणसाला एक संधी असावी. मागच्या रविवारी हेमराजभाऊंचा कतला मासा बाभळीखाली सुटला होता, म्हणून आज सावली त्यांची.

माया आजोबांसोबत सपाट दगडापाशी बसली. नंदिनीनं तिला जाकीट घातलं, पट्टे आवळले, पुन्हा ओढून बघितले. मग तळहातापासून कोपरापर्यंत मलम चोळलं आणि आपल्याही हातांना लावलं. तलावावरचे डास म्हणजे काय याबद्दल तिनं बरंच वाचलं होतं. मग माया चारा मळायला बसली. कणीक, चण्याचं पीठ, गूळ, थोडी बडीशेप. छोट्या छोट्या गोळ्या करून ती आजोबांच्या हातात ठेवत होती.

ऊन वर आलं तरी दोऱ्याला बांधलेलं, मासा लागला की बुडणारं मोरपिसाचं तरंगतं पाण्यावर हललं नाही. पलीकडे हेमराजभाऊंच्या गळाला एकामागून एक रोहू लागत होते. आनंदरावांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग नव्या इमारतींच्या बांधकामाला, मग सरळ हेमराजभाऊंच्या बोलण्याला. हेमराजभाऊ गप्प बसणारे थोडेच.

"काहून गा आनंदराव, मासे उपासाले बसले का आज?"

नंदिनीला सासऱ्यांची कीव येत होती आणि थोडं बरंही वाटत होतं. एकही मासा आला नाही तर पोर कंटाळेल, हट्ट आपोआप विरून जाईल. हे मनात आल्याचं तिचं तिलाच आवडलं नाही.

तेवढ्यात मायानं हातातली गोळी नाकाशी नेली.

"आबा, याले आईचा वास येऊन राहिला."

आनंदरावांनी हुंगलं. मग सुनेकडे बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण. हेमराजभाऊ मात्र मुद्दाम उठून आले, गोळी नाकाला लावली आणि हसता हसता खाली बसले. "मच्छर पळाले, मासेही पळाले. सूनबाई, तलाव खाली केला तुम्ही."

नंदिनीचे कान तापले. चारा फेकून द्यावा लागला. डब्यातल्या पोळ्या आणि गूळ कुस्करून नवा करता येईल, आनंदराव म्हणाले, पण हात आधी चिखलानं घासून स्वच्छ धुवायला हवे, सोबत आणलेल्या पिण्याच्या पाण्यानं तो वास जायचा नाही. म्हणजे पाण्यापर्यंत जायला हवं. तेही दोघींनी, कारण मलम दोघींच्या हातांना होतं.

नंदिनी मायाचं मनगट धरून काठावर उकिडवी बसली. चिखल गार होता, बोटांतून सुळकन निसटत होता. मायानं सवयीनं वर बघितलं. आईचे हात चिखलात माखलेले दिसल्यावर तिनंही आपले हात घातले आणि खुदकन हसली.

नवी गोळी पाण्यात गेली. काही वेळानं मोरपीस थरथरलं, आडवं झालं आणि दिसेनासं झालं. छडी मायाच्या हातांत होती, मागून आजोबांचा आधार. छडी कमानीसारखी वाकली. पाण्यातून एक तांबूस कूस चमकून गेली, मागोमाग सुपाएवढी शेपटी. माया एक पाऊल पुढे सरकली. नंदिनी धावली.

"ढील दे, ढील दे," आनंदराव म्हणत होते.

नंदिनीनं ढील दिली नाही. सगळ्या ताकदीनं मागे ओढलं. दोरा तटकन तुटला आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

 बूट पाण्यात बुडालेत हे नंदिनीला उशिरा कळलं. आता पोर रडेल म्हणून तिनं वळून बघितलं. माया रडत नव्हती. ती आईच्या हातांकडे बघत होती.

"आई, तू मला नाही धरलंस. छडी धरलीस."

खरंच. धावली होती ती लेकीला धरायला, आणि मुठी आवळल्या होत्या छडीवर. ती शेपटी दिसली तेव्हा जगात दुसरं काही उरलंच नव्हतं. माया तिच्या शेजारी घोटाभर पाण्यात उभी होती. केव्हा उतरली, मागे वळून बघितलं की नाही, कुणालाच आठवत नव्हतं.

मासा कुणाचा सुटला यावर दोन्ही म्हाताऱ्यांत वाद झाला. आनंदराव नातीचं नाव सांगत होते. हेमराजभाऊंनी तुटलेला दोरा बोटांत फिरवत निकाल दिला की तुटताना छडी सूनबाईच्या हातात होती, तेव्हा मासाही त्यांचा, जागाही त्यांचीच. पुढच्या रविवारी या दगडावर दुसरा कुणी बसणार नाही. त्या आल्या नाही तं रिकामा राहील.

मी तर फक्त बघायला आले होते, असं नंदिनी म्हणणार होती. ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

हेमराजभाऊ नवा गळ बांधून देत होते. मायानं बाभळीची फांदी आणून दगडापाशी खोचली. उद्या कुणी विसरायला नको म्हणून. खोचताना ती काठाच्या अगदी टोकाला गेली होती. नंदिनीचा हात पुढे झाला आणि हवेतच थांबला.

आनंदरावांनी छडी आवरली, डबा उचलला.  गाडीपाशी पोचल्यावर त्यांना राहवलं नाही.

"मंग बेटा, झालं पाहून?"

नंदिनी बुटांतलं पाणी ओतत होती. एक झाला, दुसरा झाला.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी मलम पायांनाच लावू. हातांना नको."