तळाशी नऊ अंश

मास्तरांनी निवृत्तीनंतर पाव वाटणारी एक जुनी व्हॅन घेतली आणि खडूकडून तिचं चाकांवरचं घर करून घेतलं. खडू म्हणजे मास्तरांचा जुना विद्यार्थी, आता सुतार. तिसरीत असताना तो फळ्याजवळचे खडू खायचा, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलं. आता चाळिशी उलटली तरी ते चिकटलेलंच होतं.

थंडीच्या सुट्टीत आठ वर्षांच्या नातीला, ठकीला घेऊन गोठलेलं तळं बघायला जायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यासाठी मास्तरांनी व्हॅनमध्ये फळाही केला. गॅसच्या कपाटाचं दार काढलं, काळं रंगवलं आणि भिंतीला टांगलं. त्याच्या कडेला रबराची मऊ पट्टी होती, ती त्यांना फारच आवडली. दाराच्या जागी त्यांनी फुलाफुलांचा पडदा लावला.

पण मास्तरांची लेक सकाळी व्हॅनमध्ये आली, अनवाणी उभी राहिली आणि लगेच पाय वर घेतला. "बाबा, हा बर्फ आहे! मागच्या थंडीत हिच्या छातीत कफ झाला तेव्हा आठ दिवस दवाखान्यात काढलेत मी. रविवारी सकाळी खाली सोळा अंश दिसले तर न्या, नाहीतर नाही."

डोक्याच्या उंचीवर बावीस अंश होते. जमिनीवर ठेवलेला तापमापक नऊ दाखवत होता.

"खडूनं जमिनीखाली थंडी अडवायला फोम घातलेलाच नाही," मास्तर म्हणाले. "वर नुसतं प्लायवूड ठोकून मोकळा झाला."

"कशावरून?" ठकीनं विचारलं.

"चौथीत त्याच्या वहीत शेजारच्याचं गणित सापडलं होतं, त्यावरून."

"ते गणित झालं, आजोबा. फोम कुठंय?"

प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नाला मास्तर कधी रागावत नसत. त्यांनी काडीला दोरा बांधून ठकीच्या हातात दिला. "हा जमिनीलगत धर आणि हळूहळू सरक. वारा असेल तिथं दोरा हलेल."

ठकी रांगत निघाली. पलंगाखाली दोरा गप्प. दारापाशी गप्प. गॅसच्या कपाटाच्या पडद्याजवळ मात्र तो थरथरायला लागला. आत, सिलिंडरच्या बुडाशी, मुठीएवढं भोक निघालं.

"बघ! साधं भोकसुद्धा बुजवलं नाही लेकाच्यानं." मास्तरांनी त्यात जुना मोजा कोंबला.

दुसऱ्या दिवशी मोजा गायब. त्यांनी दुसरा कोंबला. तोही गेला. तिसरा त्यांनी चिकटपट्टी लावून बसवला, आणि शनिवारी उजाडताच आजोबा-नात व्हॅनमध्ये दबा धरून बसली. थोड्या वेळानं खालून खरवड ऐकू आली. मोजा हलला, चिकटपट्टी सुटली आणि मोजा भोकातून खाली गेला.

मास्तर बाहेर धावले. व्हॅनखालून ओळखीचे दोन बूट दिसत होते.

"ये बाहेर, चोरा!"

खडू सरपटत बाहेर आला. हातात मोजा. "मास्तर, ते भोक मुद्दाम पाडलंय. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. त्याला बाहेर पडायला वाट नको? कारखान्यात जाताना रोज बघतो, तुमचा मोजा लोंबतोय. आत ठकी झोपणार!"

"मग तोंड नव्हतं सांगायला?"

"दोनदा आलो होतो. तुम्ही म्हणालात, 'कारणं नकोत.' चौथीतही हेच म्हणाला होतात."

खडूनं आत येऊन कोपऱ्यातली एक फळी उचकटली. खाली पिवळा फोम, काठोकाठ. मग त्यानं पडदा बाजूला केला आणि चक्रावला. "अहो, याचं दार कुठंय? रबर लावून घट्ट केलं होतं, गार वारा कपाटातच राहावा म्हणून."

ठकीनं भिंतीकडे बघितलं. "आजोबा... आपला फळा."

खडू हसला नाही, हे मास्तरांना जास्तच लागलं. त्यांनी स्वतः पेचकस शोधून आणला.

रविवारी सकाळी दार आपल्या जागी होतं, हीटर रात्रभर चालला होता. लेक पायरीवर उभी, खडू आत कपाटापाशी बसलेला. मास्तर वाकले. चष्म्याशिवाय बघितलं, चष्मा लावून बघितलं. त्यांचं बोट तापमापकाच्या बुडाकडे गेलं. तिथं जरा टेकवलं की पारा चढतो, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं. त्यांनी बोट मागं घेतलं.

"खडू," ते म्हणाले, "तू वाच."

खडूनं वर बघितलं, आपल्यालाच सांगितलं ना याची खात्री करायला. मग तो जमिनीवर पालथा पडला. बराच वेळ.

"साडेपंधरा," तो म्हणाला. "सोळा नाहीत."

ठकीचा चेहरा पडला. लेक आत आली, चपला काढल्या आणि थेट जमिनीवर मांडी घालून बसली. बराच वेळ उठली नाही.

"सोळा म्हणाला असतास तर खरं वाटलं नसतं, पाठवलं नसतं," ती खडूला म्हणाली. "ठके, जाड मोजे घे. आजोबांनी ठेवले असतील तर."