सुरगाठ

टाकीच्या तळाचा बोल्ट तिसऱ्या हिसक्याला सुटला आणि डिझेल पातेल्यात पडण्याऐवजी तिच्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं. तिनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं चाचपडत पातेलं जवळ ओढलं, धार त्यात पडू लागल्याचा आवाज ऐकला आणि मगच ती गाडीखालून बाहेर सरकली.

“झाली आंघोळ?” पंक्चरवाल्यानं विचारलं. तो समोरच्या दुकानातून फक्त जॅक द्यायला आला होता, तो गेलाच नव्हता. बादली पालथी घालून त्यावर बसून सकाळपासून सल्ले देत होता.

“पातेलं कुठे ठेवायचं ते आधी सांगायचंत ना, काका.”

“मला वाटलं, शिकल्यासवरल्या माणसांना डिझेल खाली पडतं एवढं माहीत असतं.”

ती हसली. बाही पिळली. मग काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घेऊन तिनं ते उन्हासमोर धरलं. रंग काळपट होता, तळाशी बारीक कचरा बसत होता. प्रयोगशाळेत ती रक्ताच्या नळ्या अशाच धरत असे. पिकअपच्या बाबतीतही तिची पद्धत तीच होती. एकेक शक्यता घ्यायची, तपासायची, खोडायची. बॅटरी नवी बसवून झाली होती. सेल्फ फिरत होता. तारा ठीक होत्या. आता टाकी.

“रिपोर्ट कधी मिळेल?” पंक्चरवाला म्हणाला. “उपाशीपोटी घेतलंय ना?”

“हिच्याइतकं उपाशी कोण आहे? तीन वर्षं काही खाल्लेलं नाही.”

पायरीजवळच्या खुर्चीतून वडिलांचा आवाज आला.

“टाकीला काही झालेलं नाही. पंप गेलाय. तेव्हाच सांगितलं होतं.”

“बघून घेते, बाबा.”

“टाकी मी स्वतः खाली काढून धुतली होती. तिच्यात बघण्यासारखं काही नाही.”

“मग बघायला काय हरकत आहे?”

 हातातली काठी त्यांनी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. त्यांची नजर गाडीच्या दिशेनं होती, पण थोडी चुकून, फाटकाकडे. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

“सोमवारी भंगारवाला येणार आहे,” ते शेवटी म्हणाले. “उगाच जीव काढू नकोस.”

भंगारवाल्याला त्यांनी स्वतः बोलावलं होतं. तिला ते आदल्या आठवड्यात कळलं, आणि त्याच संध्याकाळी तिनं पंक्चरवाल्याकडून पाने उसने आणले. ताई फोनवर हसली होती. “बाई गं, तुला सायकलची चेन चढवता येत नव्हती!” तिनं उत्तर दिलं, “एकदा सुरू झालेली बघायची आहे. मग जाऊ दे कुठेही.” का बघायची आहे, ते ताईनं विचारलं नाही. ताई त्या संध्याकाळी इथे नव्हती.

वडिलांनी या पिकअपमधून उभा जन्म लोकांची घरं इकडून तिकडे नेली. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, एकदा एक आख्खा पियानो. सामान बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोरी कितीही ताणलेली असो, गाठ सुरगाठच. टोक ओढलं की एका ओढीत सुटली पाहिजे. निरगाठ मारणाऱ्या हमालाला ते जागच्या जागी झापत. “बांधणाऱ्यानं सोडणाऱ्याचा विचार करावा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन्ही मुलींना त्यांनी बुटाची नाडी शिकवायच्या आधी ती गाठ शिकवली होती. दोन वेढे, डावीकडे फास, आणि टोक आत दुमडलेलं, म्हणजे वाऱ्यानं फडफडत नाही.

शेवटच्या वर्षात त्यांनी काचेचा ध्यास घेतला. काच धुरकट झाली आहे म्हणायचे. वायपर बदलले, साबण बदलला, प्रत्येक फेरीआधी पिवळं फडकं घेऊन आतून-बाहेरून पुसत बसायचे. “झिजेल हो ती,” आई म्हणायची. मग एका सकाळी फाटकाच्या खांबाला डावा दिवा घासून फुटला. काय झालं विचारल्यावर ते म्हणाले, “खांब पुढे आला.” घरात त्या वाक्याचा विनोद झाला. दूध उतू गेलं तरी आई म्हणायची, खांब पुढे आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी बंद पडली. सुरू व्हायची, घटकाभर चालायची, मरायची. मिस्त्री बोलवू म्हटलं तर, माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

आणि मग ती संध्याकाळ आली. आईला श्वास घेता येईना. रुग्णवाहिका लांबून निघाली होती. तिनं आईला उशीला टेकवून बसवलं आणि वडिलांना हाक मारली. ते खोलीत नव्हते. ते बंद गाडीखाली, ओल्या फरशीवर आडवे झाले होते. फक्त पाय दिसत होते. “ते डबडं सोडा आणि इकडे या!” ती खिडकीतून ओरडली. ते आले नाहीत. तिनं आणखी दोनदा हाक मारली. आई दाराकडे बघत होती. रुग्णवाहिका आली तेव्हा तिचं काही काम उरलं नव्हतं, आणि वडील गाडीखालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पेचकस होता.

तेव्हापासून ती त्यांना वेळेवर जेवण देत असे, डोळ्यांत औषध घालत असे आणि कामापुरतं बोलत असे. आई गेली आणि रडून रडून यांचे डोळे गेले, असं नातेवाईक म्हणत. डॉक्टर म्हणाले होते, “हे आजचं दुखणं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे.” तिनं ते कागदावरच्या बाकीच्या गोष्टींबरोबर ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. तिला एकच गोष्ट छळत होती. ती गाडी त्या संध्याकाळी सुरू होऊ शकली असती का? असती, तर त्यांचं तिथे असणं तिला कसंबसं समजून घेता आलं असतं. नसती, तर ते आईला सोडून एका मेलेल्या यंत्रापाशी गेले होते. भंगारवाल्याकडून त्याचं उत्तर मिळणार नव्हतं.

रविवारी पंक्चरवाल्याचं दुकान बंद होतं. तिनं टाकी एकटीनंच उतरवली. टाकी हौद्याच्या खाली, दोन लोखंडी पट्ट्यांवर लटकत होती. तिच्या आणि हौद्याच्या मध्ये चार बोटांची फट, आणि त्या फटीत, टाकीच्या माथ्यावर, एक गोल झाकण. सराईत माणूस फटीत हात घालून झाकण काढतो, असं पंक्चरवाला म्हणाला होता. ती सराईत नव्हती. तिनं जॅक लावला, पट्टे सोडले आणि टाकी इंच इंच खाली घेऊन अंगणात ओढली.

वडील खुर्चीत होते. पत्रा फरशीवर घासल्याचा आवाज झाला तसे ते उठले आणि भिंतीला धरून आत गेले.

झाकणावर सहा स्क्रू होते. चार गंजलेले, पण धड. उरलेल्या दोनांच्या डोक्यांचा चुरा झाला होता. खाचा शिल्लक नव्हत्या. आजूबाजूच्या पत्र्यावर ओरखडेच ओरखडे होते, सगळ्या दिशांना, जणू कोणी स्क्रू कुठे आहे ते न बघताच पेचकस चालवला होता. तिला वाटलं, हमालांपैकी कोणाचं तरी काम असणार. चार तिनं तेल घालून सोडवले. उरलेले दोन छिन्नीनं तोडावे लागले.

झाकण उचललं तसा त्याच्याबरोबर डिझेल ओढणारा पाइपही वर आला. त्याच्या खालच्या टोकाला काहीतरी गुंडाळलं होतं. आधी तिला ती गाळणी वाटली. मग तिनं ते अंगठ्यानं पुसलं. कापड होतं. डिझेलनं काळं पडलेलं, पण शिवणीत अजून पिवळं. पाइपाच्या तोंडाला दोन वेढे, वरून बारीक दोरी. दोरीला दोन वळसे, डावीकडे फास, टोक आत दुमडलेलं.

तिनं ते टोक नखानं बाहेर काढलं आणि ओढलं. एका ओढीत सुटलं.

 ती उठली, फाटकापाशी गेली. खांब होता तिथेच होता. डाव्या अंगाला अजून थोडी काच रुतलेली होती. परत आली. गाडीची काच धुरकट झाली आहे, असं ते म्हणायचे. कोणी विचारलं नव्हतं, की मग आम्हाला ती धुरकट कशी दिसत नाही.

टाकी धुऊन, नवे स्क्रू घालून तिनं संध्याकाळपर्यंत ती परत वर चढवली. पट्टे आवळले. काम संपलं होतं, तरी ती गाडीखालून निघाली नाही. पाठीवर पडल्या पडल्या तिनं डोळे मिटले, पेचकस घेतला आणि दोन्ही हात त्या चार बोटांच्या फटीत घातले. झाकण सापडलं. स्क्रू सापडला. पेचकस खाचेत बसवायला गेली तर घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी तो पत्र्यावरून सटकून तिच्याच दुसऱ्या तळहातात, मनगटाजवळ, शिरला. तिनं डोळे उघडले. आईला नेलं त्या दिवशी वडिलांच्या डाव्या हाताला कोणीतरी रुमाल बांधलेला होता. कोणी बांधला आणि का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

आतून काठीचा आवाज आला. ते दारापर्यंत येऊन थांबले असावेत.

“उजेड आहे का अजून?” त्यांनी विचारलं.

“आहे थोडा.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि परत गेले.

सकाळी तिनं ताजं डिझेल ओतलं. पाइपात अडकलेली हवा हातपंपानं कशी काढायची, ते पंक्चरवाल्यानं दाखवलं. फेस येतोय तोवर दाबत राहायचं, नितळ धार आली की नट आवळायचा.

“टाकीत काय निघालं शेवटी?” त्यानं विचारलं.

“गाळ.”

“तरी मी पहिल्यापासून म्हणत होतो, टाकी बघा!”

“तुम्हीही पंपच म्हणत होतात, काका.”

“मनात टाकीच होती.”

तिनं किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतीच घरघर झाली. दुसऱ्यांदा गाडीला खोकला आला आणि मागून काळा धूर निघाला. तिसऱ्यांदा इंजिननं पकडलं. बॉनेट थरथरलं, फुटका दिवा त्याच्या खोबणीत खडखडला, आणि मग आवाज खाली येत एका लयीत बसला. पंक्चरवाल्यानं दोन्ही हात वर केले. “त्या भंगारवाल्याला कळवा,” तो रस्ता ओलांडता ओलांडता ओरडला, “गाडीच चालत येतेय म्हणावं, त्याला भंगारात घालायला!”

ती गाडी बंद न करता वाट बघत राहिली. एक मिनिट झालं, पाच झाली. इंजिन मेलं नाही.

वडील भिंत सोडून आवाजाच्या रोखानं आले. त्यांनी हात पुढे केला, बॉनेट सापडलं, त्यावर तळवा टेकवला. तळव्यावर, मनगटाजवळ, एक जुना पांढरा व्रण होता.

“काय निघालं?” त्यांनी विचारलं.

ती खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. “टाकीत गाळ होता, बाबा.”

ते काही वेळ इंजिन ऐकत राहिले.

“झाकणाचे स्क्रू निघाले?”

“दोन नाही निघाले. छिन्नीनं तोडले.”

“हो,” ते म्हणाले. “माझ्याच्यानंही नव्हते निघाले.”

ती खाली उतरली. सवयीनं ते उजव्या दाराकडे वळले होते. तिनं त्यांचा हात धरून त्यांना पुढून डाव्या बाजूला आणलं. ती बाजू आईची होती. त्या दाराची कडी बाहेरून त्यांनी कधी उघडली नसावी. बोटं पत्र्यावरून फिरत राहिली. तिनं त्यांचं बोट नेऊन कडीवर ठेवलं. ते चढून बसले, काठी पायांच्या मध्ये घेतली. तिनं दार ओढून घेतलं आणि फिरून येऊन स्टिअरिंगमागे बसली.

समोरच्या फळीवर फडकं होतं. रात्री तिनं ते तीन पाण्यांतून काढलं होतं. वाळलं होतं, वास गेला नव्हता. वडिलांचा हात आधारासाठी फळी चाचपत त्यावर आला आणि थांबला. त्यांनी ते उचललं. कडेची शिवण अंगठ्यानं एकदा पूर्ण तपासली. तिनं रस्त्याकडे बघितलं.

“क्लच पूर्ण दाब,” ते म्हणाले. “खांब डावीकडे आहे.”

“आहे लक्षात.”

तिनं क्लच दाबला. शेजारी हालचाल झाली. ते पुढे झुकले होते आणि आपल्या बाजूची काच पुसत होते, वरच्या कोपऱ्यापासून, हळूहळू, एकही पट्टा न सोडता. त्यांचं पुसून होईपर्यंत ती थांबली.